मी चौकशी करून आलो होतो

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो.

तालुक्याच्या स्टँडवर मी, माझी धाकटी बहीण कमल आणि तिची मुलगी सुनीता मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होतो. सुनीता तिथल्याच एका लहान लॅबमध्ये रक्त तपासायची. आता अंधेरीच्या एमआयडीसीतल्या मोठ्या लॅबने तिला बोलावलं होतं. तिने मोबाइलवर त्या लॅबची माहिती काढली होती. सगळीकडे कौतुकच दिसलं, म्हणून तिलाच शंका आली होती. कमलचा मोबाइलवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. गाडी लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दादा, तू बघून आलास ना? मग मला काळजी नाही."

मी बघून आलो होतो, हे खरं.

आमच्याकडे नोकरीची चौकशीही लग्नाच्या स्थळासारखी करतात. त्यांच्या घरात नाही, आजूबाजूला विचारायचं. मी गाव सोडून अंधेरीला आलो तेव्हा माझ्यासाठी विचारणारं कुणी नव्हतं. पहिल्याच कारखान्याच्या मालकाने पगार बुडवून शटर ओढलं. वडील तेव्हा म्हणाले होते, "मालकाला कशाला विचारायचं? सुटून बाहेर येणाऱ्याला विचार."

म्हणून मी लॅबसमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. ड्युटी सुटल्यावर दोन मुली चहाला आल्या. एकीला विचारलं, तर तिने आधी मागे वळून गेटकडे बघितलं.

"तुमची कोण आहे काका?"

"भाची."

"मग तिला सांगा, ओरिजिनल सर्टिफिकेट देऊ नकोस. ठेवून घेतात आणि दोन वर्षं सोडत नाहीत. माझी आतच आहेत."

दुसरी म्हणाली, "नाहीतर आम्ही काय हौसेने थांबलोय इथे?"

कांदिवलीला घरी आलो. मुलगा कॅनडाला गेल्यापासून त्याची खोली बंदच होती. त्या दिवशी निर्मलाने, माझ्या बायकोने, ती उघडून धुऊन काढली होती. नवे पडदे लावले होते. स्टुलावरून उतरत म्हणाली, "पोरीला निळा रंग आवडतो ना हो?" कितीतरी महिन्यांनी ती कामाशिवाय काही बोलली होती.

मी कमलला फोन लावला. जागा चांगली आहे, स्वच्छ आहे, पुष्कळ मुली आहेत, असं सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. सर्टिफिकेटचं तेवढं बोललो नाही.

सुनीता आली आणि आमच्या घरात पुन्हा भांडणं, हसणं, उशिरा जेवणं सुरू झालं. वर्षभराने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली. मूळ कागद दाखवायचे होते. लॅबने सांगितलं, करार संपल्यावर न्या. मी तिच्याबरोबर गेलो, काउंटरवर हात आपटून भांडलो, जणू मला हे नवीनच होतं. रिक्षात ती माझीच समजूत काढत राहिली. "जाऊ दे ना मामा, तुम्हाला तरी काय माहीत." ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटलं.

सुनीता आता बोरिवलीला संसारात आहे. बरी आहे. दवाखान्यात लागली असती तर रोज संध्याकाळी आईपाशी घरी आली असती. कमल एकटी राहते. गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंतही जाववत नाही.

पूर्वी मी सुट्टीत घरी जायचो. आता गावी जातो, आणि दोन दिवसांच्या वर थांबवत नाही. घर म्हणजे जिथे आपल्याला कुणी काही विचारत नाही. तिथे कमल मला काही विचारत नाही, हेच सोसत नाही.

मागच्या खेपेला जेवताना ती म्हणाली, "तू नसतास तर पोरगी इथंच कुजली असती दादा."

मी घास ताटात ठेवला. म्हणालो, "कमल..."

"काय रे? भाकरी वाढू?"

"अर्धी," मी म्हणालो.