सरकीच्या कोठीतली सुट्टी

"आता काय खेळवू, माजी? गजगे झाले, चिंचोके झाले. लगीन लावून लावून भावलीला चार नवरे झाले."

"पाचवा कर," पोरांची दादी लाडबाई म्हणाली. "पण पोरं ओसरीवर यायला नको. बिलकुल नको."

"पोरं कटाळली. मी एकलीच खेळून राह्यले जणू."

"कटाळू दे. तिकडंच कटाळू दे."

घरकामाच्या झुंबरबाईनं पदर खोचला, परसात आली अन् मागचं दार ओढून कडी घातली. ओसरीवर बायांची बैठक होती. परतूरच्या बाजारगल्लीतल्या मारवाडी बाया सकाळीच येऊन बसायच्या अन् तोंडात पदर कोंबून रडायच्या. मोठ्यानं रडायची मनाई होती.

मेली होती ती घरची सून, संतोषबाई. तिसऱ्या खेपेला बाळंतपणासाठी माहेरी, मारवाडात गेल्ती. वैशाखात तार आली. बाई गेली, बाळ बी गेलं. तिचा नवरा भागचंद, कापसाचा व्यापारी, त्याच संध्याकाळी गाडीत बसला. जाताना दारात थांबून म्हणाला, "मी येईस्तोवर पोरांना कळू देऊ नका. मी सांगीन." म्हणून घरातल्यांनी रडायचं ओसरीवर, अन् पोरं झुंबरबाईकडं परसात.

त्यात शाळेला नुकतीच सुट्टी लागलेली. शाळा असती तर निम्मा दिवस मास्तरच्या माथी गेला असता. आता उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरं रमवायची, अन् वर भांडी, धुणं, म्हशीचं बघायचं ते बघायचंच.

झुंबरबाई मंठ्याकडची. रझाकाराच्या सालात तिचं गाव उठून वऱ्हाडच्या हद्दीत पळालं, तवा तिचं पोरगं वाटेतच तापानं गेलं. मागून माणसं येत होती, थांबायची सोय नव्हती. बांधाच्या कडंला पुरलं अन् चालू लागली. तवाचं रडायचं राह्यलं ते राह्यलंच. पुढं नवरा बी गेला, तवाही डोळ्याला पाणी न्हाई. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, दगड हाय बाई. म्हणोत. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं तर कशाचंच काही वाटत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, एवढंच.

पण पोरं तिच्यापाशी राहायची. ती पापे घेत नव्हती की सोन्या-राजा करत नव्हती. हातातलं काम पोरांपुढं टाकायची अन् त्याचाच खेळ करायची. हरली तर खरंच हरायची, अन् जिंकली तर दया करायची न्हाई. मोठ्या माणसाला खरोखर हरवायला पोरांना एरवी कुठं मिळतं?

परसाच्या टोकाला सरकीची कोठी होती. कापसाच्या जिनातून आलेली सरकी म्हशीसाठी तिथं ढीग करून ठेवलेली असायची. बाहेर ऊन फुफाट्यासारखं, आत गार अंधार. दहा वर्षांची चंदन अन् सहा वर्षांचा पारस ढिगावर चढायचे अन् घसरत खाली यायचे. कानात सरकी, केसांत सरकी. मंग झुंबरबाई गहू पसरायची. खडे कोण जास्त काढतो? हरणाऱ्यानं म्हशीला मुजरा करायचा. पहिल्या दिवशी मुजरा झुंबरबाईनंच केला. पारस हसून हसून लोळला.

"यंदा पापड कामून न्हाई केले?" चंदननं एकदा विचारलं. बाकीच्या घरांच्या माळवदांवर पापड, कुरडया, शेवया वाळत होत्या. यांचंच माळवद मोकळं होतं.

"उडीद किडला."

चंदननं गव्हातला एक खडा उचलून बाजूला टाकला. सुतकाच्या घरात पापड लाटत न्हाईत, हे दहा वर्षांच्या मारवाड्याच्या पोरीला माहीत असतं की न्हाई, ह्याचा झुंबरबाईनं इचार केला अन् सोडून दिला.

संध्याकाळी बाया गेल्या की पोरं आत यायची. जेवताना पारस दादीला रोज एकच विचारायचा, आई कधी येणार, "माँ कद आसी?"

लाडबाई ताटात बघत म्हणायची, "काल, बेटा. काल."

लाडबाईच्या बोलीत होऊन गेलेला दिवस बी काल अन् येणारा दिवस बी काल. तिच्या मनानं ती उद्याचंच सांगत होती. पहिले काही दिवस पोरगं तेवढ्यावर झोपलं.

पण पारसनं पहिलीचं वरीस मराठी शाळेत काढलं होतं. 'मी काल शाळेत येईन' म्हणाला म्हणून मास्तरनं कान पिळून सगळ्या वर्गादेखत घोकून घेतलं होतं. काल म्हणजे गेला. आज म्हणजे आहे. उद्या म्हणजे यायचा. अन् सुट्टीत दिवसभर कानावर झुंबरबाईचीच मराठी.

एका दुपारी ती म्हशीला पाणी दाखवून आली तर ढिगावर चंदन एकटीच. पारस घराच्या मागच्या दाराला पाठ लावून उन्हात बसला होता. तोंड लाल झालं होतं.

"ऊठ. ऊन लागंल."

"न्हाई."

"चल, घसरगुंडी करू. आज मी बी चढते. पडले तर उचलशील का मला?"

"मला खेळायचंच न्हाई. खेळलं की माँ येऊन जाती."

"कोण म्हणलं?"

"दादी. रोज म्हणती, काल आल्ती. परवा विचारलं तवा बी काल आल्ती. ती येती अन् मी सरकीत असतो." त्यानं दाराच्या कडीकडं बोट केलं. "तूच कडी लावती. तूच मला मुद्दाम तिकडं नेती. तुला सगळं माहीत हाय."

कोठीच्या उंबऱ्यावर चंदन येऊन उभी राह्यली होती. म्हणाली, "येडा कुठला! दादीचं काल म्हंजे उद्या असतंय."

पारसनं मान वर केली. "मंग उद्या येती?"

हे त्यानं बहिणीला न्हाई, झुंबरबाईला विचारलं. अन् चंदन पण तिच्याकडंच बघत होती, डोळा न लववता.

व्हय म्हणलं असतं तर भागला असता तो दिवस. भागचंद यायला अजून किती दिवस, कोणाला ठाऊक. झुंबरबाई पोटातून काही वर येतंय का, ह्याची वाट बघत राह्यली. काही आलं न्हाई. मंग ती खाली बसली, पोराच्या तोंडासमोर.

"न्हाई, बाबा. ती काल बी आली न्हाई अन् उद्या बी यायची न्हाई. तुझी माय मेली. बाळंतपणात मेली, तिकडंच."

"मला पापडाच्या वक्तालाच कळलं व्हतं," चंदन म्हणाली. आवाज कोरडा होता, झुंबरबाईसारखाच.

पारसनं थोडा इचार केला. "म्हंजे ती येऊन गेली न्हाई?"

"न्हाई."

"मला न भेटता गेली न्हाई?"

"न्हाई रे. एकदा बी न्हाई."

त्यानं मोठा श्वास सोडला, जसं कोणी डोक्यावरचं ओझं उतरवलं. अन् मंग एकदम तोंड वाकडं करून रडायला लागला. आवाज दारापलीकडं गेला. आतून कोणीतरी दार ठोठावलं. झुंबरबाईनं कडी काढली. दारात लाडबाई होती, अन् तिच्या मागं बायांचे चेहरे.

"काय झालं?"

"सांगितलं, माजी."

"कुणी सांगितलं?"

"म्या."

लाडबाईनं हात उगारला, पण तो तसाच राह्यला. "तू कोण सांगणारी? भागचंदला काय तोंड दाखवू मी?"

"म्हणा, झुंबरनं सांगितलं. काढायचं तर काढतील मला. पर आई रोज येऊन जाती अन् आपली चुकामूक व्हती, असं धरून पोरगं दाराशी बसलं व्हतं, माजी. तुमच्या कालमुळं."

काय घडलं हे लाडबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती तिथंच मातीत बसली. पारस उठून तिच्या मांडीत गेला. इतके दिवस पदरात कोंबलेलं तिनं आता मोकळं सोडलं, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. चंदन मात्र उभीच होती. झुंबरबाईनं तिचा हात धरून तिला आजीकडं नेलं, खांद्यावर दाबून खाली बसवलं.

बऱ्याच वेळानं लाडबाई नाक पुसत म्हणाली, "पोरांनी ऐकलं. आता त्यांना सुतकाची अंघोळ लागंल."

"व्हय."

"मंग ओसरीवर आण त्यांना. माझ्यापाशी बसतील."

झुंबरबाई आडावर गेली. वैशाखात पाणी तळाला गेलेलं, दोर पुरता सोडावा लागायचा. तिनं पाणी शेंदलं, एकेका लेकराला अंगावरच्या कपड्यानिशी डोक्यावरून पाणी घातलं. पारसच्या केसांतली सरकी निघता निघंना, ती बोटांनी उपसून काढली. ओले कपडे पिळून दोरीवर टाकले, पोरं कोरडी करून ओसरीवर पोचवली.

सकाळची भांडी अजून तशीच पडली होती. तिनं चुलीतली राख घेतली, काथ्याचा बुचका घेतला अन् घासायला बसली.