निनावी अर्ज आणि फलकवाला म्हातारा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या चोरीत कुठला आरोपी होता याची हल्ली बायकोच मला आठवण करून देते. पण तमिळनाडूत, तिरुवल्लिकेणीतल्या त्या फलकवाल्या म्हाताऱ्याची घटना आजही मला बारीकसारीक तपशिलांसह आठवते, आणि आठवली की माझी मलाच लाज वाटते.

मी तेव्हा त्या भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं मूळ तंजावरकडचं. घरात जुन्या वळणाची मराठी आणि ठाण्यात तमिळ अशी आमची विभागणी. लिहायची मराठी मला बायकोने शिकवली, ती मिरजेची. पुढची सगळी बोलणी तमिळमध्ये झाली होती, एवढं वाचकांनी धरून चालावं.

म्हातारा सत्तरीचा. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त झालेला. बायको वारल्यावर तो एका मॅन्शनमध्ये राहायला आला होता. मॅन्शन म्हणजे महाल नव्हे, एकट्या पुरुषांना भाड्याने मिळणाऱ्या दहा बाय आठच्या खोल्या. रोज संध्याकाळी पाच ते सात तो बसथांब्याजवळच्या फूटपाथवर उभा राहायचा. हातात पुठ्ठ्याचा फलक, त्यावर ‘युद्ध थांबवा’ एवढंच. खाली स्वतःचं नाव आणि खोलीचा पत्ता. कोणतं युद्ध ते लिहिलेलं नसे. घोषणा नाहीत, पत्रकं नाहीत, सोबतीला कोणी नाही. असं नऊ वर्षं चाललेलं.

माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी त्याला पाहून सोडून दिलं होतं. बेकायदा जमावाला कायद्यात पाच माणसं लागतात. गप्प उभ्या असलेल्या एकट्या माणसाला कोणत्या कलमात बसवणार? मला मात्र तो पहिल्या दिवसापासून खटकला. मतलब नसताना माणूस रोज काही करत नाही, असं माझं पक्कं मत होतं. पोलिसात वीस वर्षं काढली की असं मत आपोआप तयार होतं.

अशात एक दिवस टपालाने निनावी अर्ज आला. साध्या पांढऱ्या कागदावर, निळ्या शाईत, चार ओळी. ‘बसथांब्याजवळ फलक घेऊन उभी राहणारी व्यक्ती पोलिसांच्या हालचाली वहीत लिहून ठेवते. ती कोणासाठी लिहिते याची चौकशी व्हावी.’ खाली सही नाही.

एरवी असे अर्ज आम्ही फाईलला लावून मोकळे होतो. पण पुढच्या महिन्यात काही परदेशी पाहुणे समुद्राकाठच्या रस्त्याने जाणार होते आणि वरून संशयितांची यादी मागवली होती. मी साध्या वेशातला एक शिपाई दोन दिवस बसथांब्यावर बसवला. तो सांगत आला, “खरं आहे सार. खिशात वही आहे. दर थोड्या वेळाने घड्याळ बघतो आणि काहीतरी लिहितो.”

तिसऱ्या दिवशी साडेपाच वाजता मी स्वतः जीप घेऊन गेलो. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत त्याला गाडीत बसवलं. फलकही उचलला. चहावाला, फुलवाल्या बायका, बसची वाट पाहणारे लोक, सगळे बघत होते. बघू देत, असंच मला तेव्हा वाटलं.

ठाण्यात त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकशीची माझी पद्धत शांत होती. आवाज चढवला की माणूस एक तर खोटं बोलतो किंवा रडतो, असा माझा अनुभव. वडीलधाऱ्याला तिकडे म्हणतात तसं ‘अय्या’ म्हणूनच सुरुवात केली.

“अय्या, तुमचं कोण गेलं युद्धात?”

“कोणी नाही, सार.”

“मुलगा? भाऊ? कोणी नातेवाईक?”

“मला मुलं नाहीत. भाऊ पोस्टात होता. तो साखरेच्या आजाराने गेला.”

“मग कोणतं युद्ध थांबवायचंय तुम्हाला?”

“जे चालू असेल ते.”

“कोणी उभं राहायला सांगितलंय?”

“बायको होती तोवर संध्याकाळी आम्ही रेडिओवर बातम्या ऐकायचो. ती दर वेळी म्हणायची, कोणी काहीच का बोलत नाही. ती गेल्यावर वाटलं, आपण तरी बोलावं.”

मला हे पटलं नाही. ज्याचं कोणी मेलं नाही तो नऊ वर्षं उन्हात कशाला उभा राहील? मी वही उघडली. अक्षर बारीक, स्वच्छ. ‘५.१०, दोन मुली, वाचून हसल्या. ५.२५, एक इसम, शिवी. ५.४०, एका बाईने विचारलं, उत्तर दिलं.’ आणि जवळजवळ रोज एक नोंद: ‘६.००, गस्त आली’ किंवा ‘६.००, गस्त नाही’. सापडला, असं वाटून मला आनंद झाला होता, हेही इथे कबूल करतो.

“गस्तीची वेळ कशाला लिहिता?”

“केबिनमध्ये बत्तीस वर्षं काढली, सार. समोरून जे जाईल ते लिहायचं आणि जे यायचं होतं पण आलं नाही तेही लिहायचं. न लिहिता उभं राहिलो तर ड्युटी केल्यासारखं वाटत नाही.”

मी वही ठेवून घेतली आणि त्याला सांगितलं, “चौकशी संपेपर्यंत तिथे उभं राहायचं नाही.” लेखी काही दिलं नाही. त्याने मान हलवली आणि तो गेला.

पुढचा आठवडा मी त्याची खोली पाहिली, मॅन्शनच्या मॅनेजरला विचारलं, त्याची पत्रं, त्याचा फोन, रेल्वेतलं जुनं रेकॉर्ड, सगळं तपासलं. कुठेच काही नाही. आणि गंमत अशी की काही सापडेना तसतसा माझा संशय वाढतच गेला. ज्याच्याकडे काहीच सापडत नाही तो तयारीचा असणार, असं मी स्वतःला समजावत होतो. अहवालाचा मसुदाही जवळजवळ तयार होता. तो वर गेला असता तर म्हाताऱ्याचं नाव यादीत चढलं असतं. मग दर पाहुण्याच्या वेळी, दर सणाला, दर मोर्चाच्या आदल्या दिवशी त्याला उचललं गेलं असतं. त्याचं उभं राहणं तिथेच संपलं असतं.

अहवालाला जोडायला म्हणून निनावी अर्ज बाहेर काढला. टेबलावर आमच्या हेडकॉन्स्टेबलने घेतलेला दुसऱ्याच एका प्रकरणातला जबाब पडला होता. ठाण्यात सगळे त्यांना एट्टय्या म्हणत. तमिळनाडूत हेडकॉन्स्टेबलला आदराने असंच म्हणतात. दोन्ही कागद शेजारी शेजारी आले आणि मी थांबलो.

पोलिसात भरती झाल्यावर पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट शिकवतात. कोरा कागद घ्यायचा, डाव्या बाजूला चार बोटं घडी घालायची, नखाने दाबायची, उलगडायची आणि घडीच्या उजवीकडे लिहायचं. डावीकडची जागा फाईलच्या दोऱ्यासाठी आणि साहेबांच्या शेऱ्यासाठी. हाताला ही सवय अशी लागते की किराणा सामानाची यादीही आम्ही तशीच लिहितो. बाहेरचा माणूस तक्रार लिहितो तेव्हा कागदाच्या काठापासून सुरुवात करतो. जबाबाच्या कागदाला होती तशीच चार बोटांची घडी या अर्जालाही होती. नाव लपवणाऱ्या माणसाने माझ्या शेऱ्यासाठी जागा मात्र सोडली होती.

म्हाताऱ्याच्या वहीत पोलिसांबद्दल फक्त गस्तीच्या नोंदी होत्या. आमच्याकडे गस्तीवरच्या पोलिसाने ठरलेल्या ठिकाणी टांगलेल्या वहीत वेळ टाकून सही करायची असते. त्या बसथांब्यासमोरच्या बँकेच्या दाराशी अशी वही होती. मी ती मागवली आणि म्हाताऱ्याच्या वहीशेजारी ठेवली. बँकेच्या वहीत रोज सहा वाजता एट्टय्यांची सही. म्हाताऱ्याच्या वहीत महिन्यातल्या सतरा दिवशी ‘गस्त नाही’.

एट्टय्यांना बोलावून मी दोन्ही वह्या आणि तो अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, ठाण्यातले सगळ्यात जुने. ते उभेच राहिले.

“गुडघा, सार,” ते म्हणाले. “रोज तेवढं चालवत नाही. आठवड्याच्या सह्या सोमवारी एकदम करतो. तो लिहितो हे एकदा माझ्या लक्षात आलं. कधी कोणी वाचलं तर काय, असं वाटत राहिलं.”

“म्हणून त्या म्हाताऱ्याला देशाचा शत्रू ठरवायचं?”

“मी तसं लिहिलं नाही, सार. चौकशी व्हावी, एवढंच लिहिलं. बाकीचं तुम्ही केलंत.”

मला त्यांचा राग आला, तो मुख्यतः ते खरं बोलत होते म्हणून. त्यांना मेमो दिला, तो मीच लिहिला. म्हाताऱ्याच्या अहवालात ‘आक्षेपार्ह काहीही आढळले नाही’ असं लिहून तो वर पाठवला आणि वही नि फलक घेऊन मॅन्शनवर गेलो. पोलिसाने माफी मागायची पद्धत नाही. तरी मी मागितली.

त्याने ती ऐकून घेतली. मग विचारलं, “उभं राहू नका म्हणालात, तो अधिकार तुम्हाला होता का?”

“नव्हता.”

“मग अकरा दिवस मी घरी का बसलो?”

मी वही आणि फलक त्याच्या हातात दिले.

“घाबरलो, सार,” तो म्हणाला. “तसा घाबरणारा माणूस आपण नाही, असं मी नऊ वर्षं समजत होतो.”

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा उभा राहिला. मला वाटलं, प्रकरण संपलं. आठवड्याने जीपमधून जाताना पाहिलं तर त्याच्या आसपासचा फूटपाथ मोकळा होता. बसथांब्यावरची गर्दी दहा पावलं पलीकडे सरकली होती. चहावाल्याने त्याला सांगितलं होतं, की अय्या, जरा तिकडे उभे राहा, गिऱ्हाईक घाबरतं. जीपमध्ये बसवताना सगळ्यांनी पाहिलं होतं. माझा अहवाल कोणीच वाचला नव्हता.

मला एक उपाय सुचला. मी पूर्ण गणवेशात, सव्वापाचला, चालत तिथे गेलो. चहा घेतला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. लोकांनी बघावं आणि काय ते समजावं, असा हेतू. म्हाताऱ्याने घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “सार, तुम्ही पलीकडे जाता का? आधी लोकांना वाटत होतं मी गुन्हेगार आहे. आता वाटेल मी तुमचा माणूस आहे.”

मी रस्ता ओलांडून बँकेच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. सात वाजेपर्यंत त्याच्यापाशी कोणी थांबलं नाही.

लोक विचारतात, इतक्या वर्षांच्या नोकरीत काय शिकलात? मी या प्रकरणाचं नाव घेतो. जो स्वतःचं नाव आणि पत्ता हातात धरून उजेडात उभा होता, त्याची मी अकरा दिवस झडती घेतली. ज्याने नाव लपवलं होतं त्याच्यावर एका वाचनात विश्वास ठेवला. म्हाताऱ्यावर संशय घ्यायला मला चार ओळींचा कागद पुरला होता. तो संशय पुसायला माझा अख्खा गणवेश पुरला नाही.