विंगेतून ऐकलेला वन्समोर

समोर बसून नाटक बघितलं की राजे-सरदार दिसतात, विंगेतून मात्र माणूस दिसतो बरं का. आमच्या गल्लीच्या ऐतिहासिक संगीत नाटकात मी प्रॉम्प्टर. किल्लेदार झालेले पोस्टातले सावंत तालमीत कुणाशी धड बोलायचे नाहीत. मी म्हणायचे, शिष्टच आहे मेला! प्रयोगाला ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, तर भीतीने त्यांची म्यानातली तलवार खुळखुळत होती.

"काकू, तान घेताना अडकलो तर शब्द सांगू नका, जास्तच गोंधळतो. नुसतं बघा माझ्याकडे."

"बघते की! पण आधी मिशी चिकटवा, अर्धी सुटलीय."

रंगमंचावर सावंतांची तान वर चढली आणि मध्येच आवाज अडकला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला. ओठांवर आलेले शब्द मी गिळले, नुसती बघत राहिले. सावंतांनी सूर पकडला, तान पुरी केली. टाळ्या झाल्या आणि प्रेक्षकांतून आरोळी आली, "वन्समोर!"

सावंतांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. कौतुकाच्या भरात आपण माणसाला पुन्हा त्याच कड्यावर नेऊन उभं करतो, नाही का? मी 'घ्या' म्हणून मान डोलावली. पेटीने सूर दिला. आता श्वास मी रोखून धरला होता.