मामांचं नाक

मामांनी अठ्ठावीस वर्षं व्हिनेगरच्या कारखान्यात पिंपं हुंगली. आंबलेलं काय आणि आंबायचं राहिलेलं काय, एवढं एकच त्यांना कळायचं, पण ते पक्कं. रिटायर झाल्यावर भाचीनं त्यांना आपल्या वाइन बारमध्ये घेतलं. नावाला बशा विसळायला, खरं म्हणजे नाकासाठी.

बारा टेबलांचा बार. रात्री दहानंतर पाय ठेवायला जागा नसायची. वाइन काहीही न मिसळता केलेली, जरा गढूळ. एका खोक्यातल्या बाटल्या म्हणजे सख्खी भावंडं: एक सरळमार्गी निघते, दुसरी वाया जाते. म्हणून उघडलेली प्रत्येक बाटली आधी मोरीच्या खिडकीशी यायची. मामा हात पुसून हुंगायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे," किंवा "ओतून टाका." तेवढा वेळ टेबलावरचे लोक त्यांच्या तोंडाकडे बघत थांबायचे. घरी त्यांच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. साठीनंतर असं सुख मिळालं की माणसाला ते सोडवत नाही.

मग थंडीत ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. साबण, मासे, स्वतःचा बनियन, सगळं सारखंच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मामांनी बायकोलाही सांगितलं नाही. ते पूर्वीसारखेच हुंगायचे, आणि सगळ्याच बाटल्यांना म्हणायचे, "जाऊ दे." मग विसळायला येणाऱ्या बशांची वाट बघायचे. वाइन बिघडलेली असली तरी गिऱ्हाईक बोलत नाही. त्याला वाटतं, ती असायचीच अशी. बशी मात्र बोलते. ऑलिव्ह चटकन संपतात, बशी पावानं पुसून घेतलेली असते, आणि ग्लासात दोन बोटं वाइन तशीच उरते. अशी बशी आली की मामा खिडकीतून म्हणायचे, "पाच नंबरची बाटली बदला. तिनं आता रंग दाखवलाय." चार महिने हे बिनबोभाट चाललं.

एका रात्री वाइन करणाऱ्या बाई स्वतः आल्या. नव्या वाइनची पहिली बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "मामा बरी म्हणाले तरच बाकीच्या बाहेर काढीन." मामांना मोरीतून बाहेर बोलावून काउंटरपाशी उभं केलं. बाईंसमोर ऑलिव्हची बशी आणि त्याच वाइनचा त्यांचा स्वतःचा ग्लास होता.

मामांनी डोळे मिटले आणि आपल्या ग्लासात नाक घातलं. त्यांच्या पाठीमागे ओव्हनमध्ये पाव होता. तो जळायला लागला. धूर आला, लोक खोकले, शेफ धावला. मामा हलले नाहीत.

"स्वच्छ," ते म्हणाले. "दुसरा कसलाही वास नाही."

मामांनी डोळे उघडले. आधी धूर दिसला. मग भाचीचा चेहरा दिसला. नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून ती सवयीनं बशीवर गेली. ऑलिव्ह संपले होते. बाईंचा ग्लास जवळजवळ भरलेला होता.

"स्वच्छ म्हणालो," मामा म्हणाले, "बरी आहे असं नाही म्हणालो. काढू नका एवढ्यात."

बाईंनी मान खाली घातली. "मलाही चार दिवस तेच वाटतंय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी म्हणायला हवं होतं."

बार बंद झाल्यावर मामांनी ॲप्रन काढून नीट घडी घातली आणि भाचीसमोर काउंटरवर ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"चार महिने झाले," भाची म्हणाली. "तापातून उठून आलास आणि नासक्या दुधाची कॉफी दोन कप प्यायलास. वर म्हणालास, छान झालीय."

"मग बोलली का नाहीस?"

भाची खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. "नाक होतं तेव्हा आठवड्याला एखादी बाटली तुझ्या हातून चुकायची, मामा. बशा बघायला लागल्यापासून एकही नाही."

मामांना हायसं वाटलं आणि अपमानही झाला, दोन्ही एकदम. त्यांनी ॲप्रन उचलून पुन्हा बांधला आणि मोरीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"इथून सात नंबर दिसत नाही," ते म्हणाले. "तेवढं टेबल जरा पुढे घे."