मधल्या इंजिनाची गाडी आणि अण्णांची वीत

मंडळी, डोकं पार भंजाळलंय.

आज दुपारी वडिलांना, म्हणजे अण्णांना, घेऊन शोरूमला गेलो होतो. सीटच्या मागंच इंजिन असलेली, दोघांपुरती स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरलंय. फक्त ऑप्शन निवडायचे होते.

अण्णा थेट खाली बसले आणि त्यांनी बंपरखाली वीत लावून बघितली. "एक वीत पण न्हाई. आपल्या नेरे गावातला स्पीडब्रेकर ह्याच्यापेक्षा उंच हाय."

म्हणून गाडीचं तोंड वर उचलायचं बटण घेतलं. खड्ड्यांमुळं कडक सस्पेन्शन नको म्हटलं. नव्या गाडीची पहिली फेरी आईला घेऊन ग्रामदैवताला असते आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून खोलगट कार्बन सीटही नको म्हटलं. मग अण्णांनी विचारलं, "नारळ पुढं फोडायचा का इंजिनापाशी मागं?"

सेल्समन सगळं लिहून घेत होता. शेवटी हळूच म्हणाला, "सर, मग हीच गाडी कशासाठी?"

मी अण्णांकडं बघितलं, तर ते बाजारात बैल पारखावा तसे मागच्या काचेतून इंजिन बघत उभे होते.

"रंग तांबडा सांग," म्हणाले.

उद्या ऑप्शनची पक्की यादी द्यायचीय. आम्ही नक्की काय घेतोय, कुणी सांगेल का?