पाणी मुरतंय कुठे

सिस्टरांच्या गाडीच्या काचा उघड्या राहायला लागल्या, आणि घरातल्या सगळ्यांनी मनाशी धरलं की सिस्टर आता विसरायला लागल्या.

त्यांना सगळी वस्ती सिस्टरच म्हणायची. मोठ्या रुग्णालयात उभं आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या, पण हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस पालटून देणं, ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली. सत्तरी जवळ आली होती. गुडघे कुरकुरायचे, पण हात अजून थरथरत नव्हते. गाडी चालवायला त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या होत्या. नवरा तेव्हा हयात होता आणि या वयात हे काय खूळ, असं रोज जेवताना म्हणायचा. सिस्टर त्याला भाजी वाढायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला जायच्या.

आता नवरा नव्हता. मुलगा होता, सून होती, आणि एक छोटी राखाडी गाडी होती. गाडी दुसऱ्याच्या हातची, पण नखरे सगळे नव्या गाडीचे. काचा बटणावर, दारं बटणावर, अंधारलं की दिवे आपले आपण लागायचे. वर्षभरापूर्वी मुलाने स्वतःसाठी मोठी गाडी घेतली. पोर्चमध्ये एकच गाडी मावत होती, तेव्हा सिस्टरांची गाडी फाटकाबाहेर गेली, मोठ्या झाडाच्या सावलीत. मुलगा म्हणाला, सावलीत गाडी चांगली राहते. सिस्टरांनाही ते पटलं होतं.

मग एके दिवशी सकाळी गाडीच्या काचा सताड उघड्या सापडल्या. पाऊस शिंतडून गेला होता, सीट थोडी भिजली होती. मुलगा म्हणाला, आई, काचा लावायला विसरलीस. सिस्टर म्हणाल्या, असेल बाबा. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. मग दिवे रात्रभर जळत राहिले आणि बॅटरी मेली. मिस्त्रीने येऊन नवी बॅटरी बसवली, आणि जाताना मोठ्या प्रेमाने म्हणाला की होतं असं सिस्टर, वयच आहे. नवी बॅटरीही काही दिवसांत मान टाकून बसली. तेव्हा त्याने ती चार्ज करून दिली, प्रेम जरा आवरतं घेतलं आणि मुलाला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं.

एकदा भर दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना, काचेवरचे वायपर आपसूक फिरायला लागले. चौकात भोंगा वाजायला लागला तो थांबेचना. लोक वळून बघायला लागले. सिस्टरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मुलाने सुनेकडे पाहिलं आणि सुनेने ताटाकडे. ती नजर सिस्टरांच्या ओळखीची होती. रुग्णालयात नातेवाईक एकमेकांकडे असंच बघायचे, रुग्णाच्या डोक्यावरून.

मुलगा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तरुण होता, मृदू होता. आज कोणता वार, उलटे आकडे म्हणा, ही चित्रं ओळखा. सिस्टर सगळं धडाधड सांगत गेल्या. एका चित्राशी मात्र अडल्या. गोल डबी, आत सुई, ती दिशा दाखवते. काय म्हणतात याला? जिभेवर होतं आणि बाहेर येत नव्हतं. डॉक्टर म्हणाला, काळजीचं काही नाही, पण लक्ष ठेवा. बाकीचं सगळं तिथेच राहिलं. मुलगा घरी घेऊन आला ते फक्त "लक्ष ठेवा".

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची चावी खुंटीवर नव्हती.

"माझी चावी दे," सिस्टर म्हणाल्या.

"कपाटात ठेवली आहे. तिथेच राहू दे, आई. उद्या कुणाला धडक दिलीस तर?"

"आजवर दिली का?"

"द्यायची वाट बघायची का मग?"

सिस्टरांना राग आला होता, पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्या पायी जायला लागल्या. बॅटरी पुन्हा मरू नये म्हणून मुलगा एक दिवसाआड गाडी थोडा वेळ चालू करून ठेवायचा. जवळचे रुग्ण जमले, लांबचे सुटले. वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर राहायचा. साखरेच्या आजाराने त्याच्या टाचेला जखम झाली होती आणि ती कशीबशी भरत आली होती. तिथवर चालणं गुडघ्यांना झेपलं नाही. पुतण्या पट्टी बदलतो, असा निरोप आला. पुतण्याला पट्टी बदलता येत नाही हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर या दिवसांत त्यांना मुलाची नव्हे, स्वतःचीच धास्ती वाटायला लागली. गॅस बंद केला का, हे त्या तीनतीनदा जाऊन बघायच्या. आंघोळ करताना होकायंत्र, होकायंत्र असं पुटपुटायच्या. रुग्णालयात त्यांनी अशी माणसं खूप पाहिली होती. काचा उघड्या टाकल्याचं मला आठवत नाही, पण विसरणाऱ्याला आपण विसरलो हे कुठे आठवतं? या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि तोच त्यांना आतून पोखरत होता.

एका सकाळी पट्ट्यांचा साठा संपला. एक पेटी गाडीतच राहिली होती. मुलगा कामावर गेला होता. सून पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. ती लोकांचे कपडे शिवायची, आणि बोलायची बेताचंच. सिस्टरांनी तिला गाडी उघडून द्यायला सांगितलं. सुनेने कपाटातून चावी आणली, पण ती सिस्टरांच्या हातात दिली नाही. स्वतःच दार उघडलं आणि संकोचून बाजूला उभी राहिली.

पेटी शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी होती. उचलली तर तळ ओला. आतल्या पट्ट्यांची पाकिटं लिबलिबीत झालेली. सिस्टरांना आधी वाटलं सलाईनची बाटली सांडली असेल. बाटली भरलेली होती, झाकण घट्ट. मग त्यांना वास जाणवला, ओल्या गोणपाटाचा. त्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली वाकल्या, वरचं रबरी पायपुसणं बाजूला केलं आणि सुजलेला पाय दाबून बघावा तसा अंगठ्याने गालिचा दाबला. बोटांभोवती पाणी वर आलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"काचा उघड्या होत्या ना तेव्हा," सून हळूच म्हणाली, "पाऊस आत आला असेल."

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. ती चुकीचं बोलत नव्हती. हे पाणी दाखवलं तर घरात सगळे हेच म्हणणार. म्हणजे हाही गुन्हा त्यांच्याच नावावर चढणार. पण त्यांनी सीटवर हात फिरवला. सीट कोरडी ठक्क. पायपुसणं वरून कोरडं. तेव्हा भिजलेली सीट कधीच वाळली होती, आणि त्यानंतर पाणी काचेतून आलं असतं तर आधी सीटच भिजली असती. इथे वरचं सगळं कोरडं आणि खाली तळं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते सिस्टरांच्या डोक्यात नव्हतं.

"आत बस," त्या सुनेला म्हणाल्या. "दारं लाव, काचा वर कर. प्रत्येक काचेला हात लावून बघ. मी बाहेरून पाणी मारते. कुठून येतं ते तू सांग."

"ह्यांना कळलं तर?"

"सांग, सासूने ऐकलं नाही. विश्वास बसेल त्याचा."

सून घरात जाऊन टॉर्च घेऊन आली, काचा वर केल्या, प्रत्येकीवरून बोट फिरवलं, चावी काढून मांडीवर ठेवली आणि आत बसली. सिस्टरांनी बागेची नळी ओढत फाटकाबाहेर आणली. जखम कुठवर आहे ते बघायचं तर घाई करून चालत नाही. आधी त्यांनी चाकांच्या आसपास पाणी मारलं. आतून सुनेने मान हलवली, काही नाही. मग दाराच्या फटी. काही नाही. मग टप. तरीही नाही. सिस्टरांचा हात दुखायला लागला होता. काहीच सापडलं नाही तर?

मग त्यांनी नळी पुढच्या काचेवर धरली. पाणी काचेवरून खाली घसरत बॉनेटच्या मागच्या जाळीत गेलं, आणि तिथेच साचायला लागलं. वाहून जायचं नाव नाही. जाळी झाडाच्या पानांनी गच्च भरली होती. बघता बघता तिथे परातीत भरावं तसं पाणी भरलं.

सुनेने आतून काच ठोकली. तिने टॉर्च खाली धरला होता, आणि समोरच्या खणामागून पाण्याची धार गालिच्यावर पडत होती. ती हाताने दाखवत काहीतरी बोलत होती. तेवढ्यात आत कुठेतरी टकटक झाली आणि तिच्या शेजारची काच सावकाश खाली गेली. सिस्टर नळी बाजूला करायच्या आत सून डोक्यापासून कमरेपर्यंत भिजली.

ती तशीच बसून राहिली. दोन्ही हात तिने वर केले होते, पोलिसाने थांबवल्यासारखे.

"आई, मी कशाला हात लावला नाही."

"मीही नव्हता लावला," सिस्टर म्हणाल्या.

सून बाहेर आली, केसांतून पाणी गळत होतं, आणि तिने सासूचा हात धरला. मग सिस्टरांनी पेटीतला लांब चिमटा काढला आणि जाळीतली पानं उपसायला घेतली. वरची पानं सुकी होती, खालची कुजून काळा चिखल झाली होती. तळाशी एक भोक होतं, पाणी बाहेर जायचं, तेच बुजलं होतं. चिमटा खोल घालून शेवटचा बोळा ओढला तसा घशातून यावा तसा आवाज आला आणि सगळं पाणी भडभडा रस्त्यावर सांडलं.

मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्याने सीट काढली, गालिचा उचलला. खालचा फोम पाण्याने फुगला होता. दाराजवळ कोपऱ्यात एक काळी पेटी होती. काचा, दिवे, वायपर, भोंगा, सगळ्यांना हुकूम या पेटीतून जातो, असं त्याने सांगितलं. पेटी उघडली तर आतल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. पाणी शिरल्यावर ती झोपतच नव्हती, रात्रंदिवस भलतेसलते हुकूम सोडत होती, म्हणून बॅटऱ्याही मरत होत्या. पुसून भागणार नाही, बदलावी लागेल, तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, मीच नीट बघायला हवं होतं.

"हवंच होतं," सिस्टर म्हणाल्या. "तू गाडी बघायला आलास आणि माझं वय बघून गेलास."

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा गाडीचा गालिचा कुंपणावर वाळत होता आणि फाटकाशी कुजक्या पानांचा ढीग पडला होता. सुनेने त्याला सगळं सांगितलं, भिजल्याचंही. त्याने ऐकून घेतलं. गाडीपाशी जाऊन आला. परत आला तेव्हा आईसमोर खुर्चीत बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"पण डॉक्टरकडे तुला तो शब्द आठवला नव्हता," तो म्हणाला.

"नाही आठवला," सिस्टर म्हणाल्या. "तो मी विसरलेच होते. आणखीही विसरेन. तेव्हा माझ्यासमोर असा बस आणि मला सांग. मी ऐकेन. पण काचा मी उघड्या टाकल्या नव्हत्या, दिवे मी जळत ठेवले नव्हते, आणि चावी मी तुला दिली नव्हती. ती तू घेतलीस."

उठून त्याने चावी आणली आणि टेबलावर ठेवली. सिस्टरांनी ती लगेच उचलली नाही.

"आणि गाडी पोर्चमध्ये लागेल. माझी."

"आई, माझी नवी आहे."

"म्हणून सांगते, झाडाखाली लावू नकोस. तिच्यात असल्या पेट्या जास्त असतील."

सून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज आला. मुलगा चार दिवस फुरंगटला, आणि मग गल्लीच्या टोकाला, जिथे झाड नाही तिथे, गाडी लावायला लागला. तिथून घरापर्यंत चालत यावं लागतं याबद्दल तो अजूनही कुरकुरतो.

नवी काळी पेटी मिळायला आणि फोम वाळायला वेळ लागला. गाडी हातात आली त्या दिवशी सिस्टर आधी गेल्या त्या ट्रक ड्रायव्हरकडे. वाटेत वायपर गप्प होते, भोंगा गप्प होता. म्हातारा खाटेवर पाय लांब करून बसला होता. पुतण्याने जुन्या पट्टीवरच नवी पट्टी गुंडाळली होती. सिस्टरांनी ती सोडली तेव्हा त्यांना वास आला. भरत आलेली टाच पुन्हा उघडी पडली होती. जेवढं कमावलं होतं तेवढं सगळं गेलं होतं, आणि आता पहिल्यापासून सुरुवात करायची होती. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच रडू आलं. त्यांनी ते गिळून टाकलं आणि हात धुतले.

"इतके दिवस कुठे होतात सिस्टर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मला घरी बसवलं होतं."

"मग?"

"नाही बसले."

त्यांनी दिवा जवळ ओढला, टाच मांडीवर घेतली आणि पाय हलवू नका, आता दुखणार आहे, असं त्याला सांगितलं.