अक्का कुठे वळल्या, ते डीव्हीआरने सांगितलं

मंडळी, दुकानात कॅमेऱ्यांसोबत मी रेकॉर्डिंग दुकानातच साठवणारा वेगळा डीव्हीआर घेतला, तेव्हा बायको म्हणाली होती, "मोबाइलवर दिसतं की! कशाला हा खर्च?"

आज दुपारी शेजारच्या अक्का कोणाला न सांगता घराबाहेर पडल्या. त्यांना हल्ली काही आठवत नाही. त्यात आमच्या नशिराबादला नेट बंद, त्यामुळे मोबाइलवर काहीच दिसेना. डीव्हीआरवरचं रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं, तर अक्का पिशवी घेऊन हायवेकडे वळताना दिसल्या.

आम्ही धावलो. अक्का बस थांब्यावर बसल्या होत्या.

"वरणगावले चालली मी. भाऊ वाट पाहत असीन."

त्यांचा भाऊ जाऊन कैक वर्षं झाली. बायकोने त्यांचा हात धरून घरी आणलं.

आता तीच विचारतेय, थांब्याकडे तोंड करून आणखी एक कॅमेरा लावायचा का? तुम्ही काय कराल?